अण्णा, अधिक महिन्यातच या

बर्गन, नॉर्वे
जानेवारी २०२६

तीर्थरूप अण्णा आणि आईस,


येळवशीचा, वेळ अमावस्येचा व्हिडिओ पोहोचला. दुपारी एकला तुम्ही रानातल्या कोपीपुढं भज्जी-आंबिलीवर हात मारत होता, तेव्हा इथं सकाळचे साडेआठ वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. डिसेंबरात बर्गनला पावणेदहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेतीनला मावळतं. त्याच व्हिडिओत तुम्ही मागून ओरडलात, "आता रिकामाच हाय, येतो तुझा फियॉर्ड बघायला!" फोनवर समजवायला गेलं की तुम्ही "बघू" म्हणता. म्हणून हे लेखी.

आता येऊ नका. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळं फियॉर्डचं, म्हणजे डोंगरात शिरलेल्या खाडीचं, खारं पाणी सहसा गोठत नाही, हे खरं. पण घाटातले बरेच रस्ते बर्फानं बंद असतात आणि तुमचे सांधे संक्रांतीलाच कुरकुरायला लागतात.

तुमच्या जावयांनी तर तक्ताच मांडला आहे. एका बाजूला फियॉर्डचे महिने, दुसऱ्या बाजूला अण्णांची कारणं. जुलै-ऑगस्टमध्ये इथं हवा सगळ्यात उबदार, पण तेव्हा आषाढी, मग सोयाबीनची फवारणी. शिवाय तेव्हा सगळं युरोप इथंच येऊन बसतं आणि हॉटेलचे भाव ऐकून तुम्ही घाटातच झोपायचा हट्ट धराल. सप्टेंबरअखेर झाडं पिवळी-तांबडी होतात, तर तुमची काढणी तोंडावर. त्यानंतर इथला पाऊस. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपल्या लातूरच्या जवळपास तिप्पट, आणि त्यातला बराचसा शरद-हिवाळ्यात. उरला मे. मे म्हटलं की "लग्नं हायत".

इथंच यंदा तुम्ही सापडलात. पंचांग काढा. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. लग्नं नाहीत, साखरपुडे नाहीत, कुणाचा मांडव नाही. मृग लागायला ७-८ जून. मधले तीन आठवडे तुम्ही पारावर बसून ऊन किती वाढलं यावर चर्चा करणार, एवढंच काम.

आणि फियॉर्डचा खरा हंगाम नेमका तोच. वरचं बर्फ वितळायला लागलेलं असतं, त्यामुळं धबधबे भरून वाहतात. ऑगस्टात तेच धबधबे बारीक होतात. हार्डांगर फियॉर्डच्या काठावर सफरचंद, नासपती, चेरी यांच्या बागा मेच्या मध्यानंतर फुलतात. खाली फुलोरा, वर बर्फ. एकेका झाडाची छाटणी कशी केली आहे ते बघत तुम्ही दोन तास हलणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. पावसाच्या मानानंही मे इथला कोरडा महिना. १७ मेला नॉर्वेचा राज्यघटना दिन, १८१४ सालचा. पोरांच्या मिरवणुका, बायका पारंपरिक पोशाखात. आईला काठपदर नेसून त्यात घुसायला काहीच हरकत नाही.

डोंगर चढायचं भय बाळगू नका. म्युर्दालहून फ्लोमला उतरणारी रेल्वे वीस किलोमीटरमध्ये ८६६ मीटर खाली येते, आपण नुसतं खिडकीशी बसायचं. तिथून नेरॉय फियॉर्डमध्ये बोट जाते. २००५ पासून तो जागतिक वारसा आहे. एके ठिकाणी पात्र जेमतेम अडीचशे मीटर रुंद, दोन्हीकडं कडे सरळ वर गेलेले. हा ज्या सोग्ने फियॉर्डचा फाटा आहे तो दोनशे किलोमीटर लांब, म्हणजे औशाहून सोलापूरला जाऊन परत यावं, जवळपास तेवढा. खोली तेराशे मीटर. तेव्हा अण्णा, विहिरीत मुटका मारल्यासारखा इथं मारायचा नाही. तळ लांबच राहिला, मेमधल्या पाण्याच्या गारठ्यानंच तुम्ही वर यायच्या आत देवाचं नाव घ्याल. कायाकमध्ये मात्र बसवीन, लाइफ जॅकेट घालून. आई काठावर बसून ओरडेल.

धबधबे बघून तुम्ही काय म्हणणार तेही ठाऊक आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या जिल्ह्यातला माणूस, तो "एवढं पाणी फुकट समुद्रात?" असंच विचारणार. सगळं फुकट जात नाही. वरच्या तळ्यांना धरणं बांधलेली आहेत आणि या देशाची बहुतेक वीज पाण्यावर तयार होते. इंजिनिअरला गाठून आपल्या तेरणा नदीचं कसं करता येईल ते मात्र विचारत बसू नका. मागं जावयांच्या साहेबाला तुम्ही व्हिडिओवर धरलं होतं.

आपल्या पिंट्याला सांगा, त्याचं ट्रोलटुंगाचं वेड मेमध्ये चालणार नाही. तळ्याच्या वर सातशे मीटरवर आडवी आलेली ती कातळाची जीभ. जाऊन-येऊन सत्तावीस किलोमीटर, दहा-बारा तास, आणि वाटाड्या न घेता जायचं तर जून ते सप्टेंबर. मेमध्ये वाट बर्फाखाली असते. इथल्या डोंगरी नियमांत एक नियमच आहे: वेळीच मागं फिरा, त्यात लाज नाही. फोटोसाठी लातूरच्या पुलाच्या कठड्यावर चढणाऱ्यानं तो आधी पाठ करावा. त्यानं सप्टेंबरच्या सुरुवातीला एकट्यानं यावं, म्हणजे आईला तो कडा बघावा लागणार नाही.

आईसाठी एक अडचण आहे. मेअखेर इथं सूर्य साडेदहानंतर मावळतो. संध्याकाळचा दिवा कधी लावायचा ते गुरुजींना विचारून ठेव. मी सात वाजता लावते. देव अजून काही बोललेले नाहीत.

व्हिसाची कागदं फेब्रुवारीतच करू. सातबाऱ्याचा उतारा, बँकेचं पुस्तक, प्रवासाचा विमा. यायचं तिकीट १५ मेचं बघते, परतीचं ५ जूनचं, म्हणजे मृगाच्या आत तुम्ही बांधावर.

तुमची,
ताई

ता. क. अधिकात जावयाचं वाण टळत नाही, त्यांनी आठवण करून द्यायला सांगितलं आहे (मी नाही). पण खवा, पेढे, तूप आणू नका; दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला इथं बंदी आहे. हरभऱ्याची डाळ मिळते, धोंडे इथंच तळू. आई, काळा मसाला मात्र दोन पिशव्यांत बांध. गेल्या खेपेला माझ्या सगळ्या कपड्यांना त्याचाच वास होता, आणि जावई महिनाभर खुश होते.