राजमान्य राजश्री आठ रुपये यांस

मुक्काम अंगणवाडी. स. न. वि. वि.

अंगणवाडीतल्या एका मुलाच्या एका दिवसाच्या आहारासाठी केंद्र सरकारने 2017 साली आपली नेमणूक केली. आपल्या आधी त्या जागी सहा रुपये होते, त्यांच्याआधी चार. ती मंडळी चार-पाच वर्षांत निवृत्त झाली. आपली प्रकृती मात्र ठणठणीत. करोना येऊन गेला, तेल आणि तूरडाळ कुठल्या कुठे पोहोचली. 2023 मध्ये तर पोषणाचे निकषच बदलले. लोह, जस्त, कॅल्शियम किती हवं याचा नवा तक्ता आला. आपण आठच राहिलात. टपरीवर आपल्याला कटिंगही कोणी देत नाही, पण आपण अख्खं मूल पोसता!

कामही काय थोडं? नव्या तक्त्याच्या आधीच 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला नाश्ता आणि गरम जेवण मिळून 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगितली. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे दोन अंड्यांत त्यातल्या किमान प्रथिनांचं काम भागतं, पण पहिल्याच अंड्यापाशी आपली दमछाक होते. म्हणून खिचडी. ती पिवळी दिसते म्हणजे तीत डाळ आहेच असं नाही. हळद स्वस्त पडते.

शिवाय आपण वेळेवर येत नाही, हे स्पष्टच लिहितो. बचत गटाच्या बायका आज शिजवतात आणि बिल महिनोन् महिने अडकतं. तोवर सगळं उधारीवर. थकलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार कुठली डाळ काढून देणार? दिल्ली-मुंबईत कितीही धोरणं ठरोत, गावातलं पोषण शेवटी किराणावाला ठरवतो. आणि खिचडी पातळ झाली की नोटीस सेविकेला. आपल्याला कोणी खुलासा मागितल्याचं ऐकिवात नाही.

तीन वर्षांखालच्यांसाठी आपण पाकिटात शिरता. तो शिरा-उपमा पोरं थुंकतात आणि शेळ्या आवडीने खातात, हे गावोगाव माहीत आहे. शेळ्यांचं वजन अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये भरायची सोय नाही, नाहीतर योजनेचं यश आकड्यांत दिसलं असतं. एकेकटे आपण फाटके, पण राज्यभरातले भाऊबंद एकत्र आले की मोठी निविदा होते. ठेकेदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं होतं. तरी 2019 मध्ये महाराष्ट्राची घरपोच आहाराची निविदा त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. आता पाकीट देताना मोबाइल आईचा चेहरा ओळखतो. आतलं पीठ ओळखणारा मोबाइल अजून आलेला नाही.

आपले थोरले बंधू बारा रुपये यांनाही नमस्कार सांगावा. त्यांची भेट फक्त तीव्र कुपोषित मुलांना मिळते. तेवढं वाळून दाखवलं की दिवसाला चार रुपये वाढतात. मूल सावरलं, अंगावर थोडं मांस चढलं, की ते चार रुपये काढून घेतात आणि त्याला पुन्हा आपल्या स्वाधीन करतात.

कळावे,
आपला,
एक करदाता