धोका ओळखा, पण वेळेत

ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टला उशिरा पोचलं, तर केंद्रावरून परत पाठवू शकतात. वर २३ पौंड फीही बुडते. यावर ओरड ठरलेली: घड्याळाचा गाडी चालवण्याशी काय संबंध? आहे ना! याच परीक्षेत व्हिडिओ दाखवतात. सायकलवाला आडवा यायची चिन्हं दिसताच माउसचं बटण दाबायचं. लवकर हेरलं तर ५ गुण, फार उशीर केला की शून्य. म्हणजे केंद्रावर उशिरा आलेला उमेदवार दारातच नापास. ट्रेन रखडली म्हणावं, तर तिथल्या ट्रेनचं रखडणं हा काही अनपेक्षित धोका नव्हे. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर राखा, हे घोकणाऱ्याला घरून अर्धा तास आधी निघता येऊ नये? भारतीय लायसन्स तिथे स्थायिक झाल्यावर वर्षभरच चालतं; पुढे हीच परीक्षा. तेव्हा तिकडे निघालेल्या मराठी मंडळींनी ‘पाचच मिनिटांत पोचतो’ हे वाक्य इथेच ठेवून जावं.