कार्बन गेलेत

आमच्या सोसायटीत गाड्या जवळपास सगळ्यांकडे आहेत, पण ड्रिल मशीन फक्त माझ्याकडे आहे. यातला मान ज्यांना कळत नाही त्यांनी एखाद्या रविवारी पडद्याचा रॉड हातात धरून इलेक्ट्रिशियनची वाट बघावी. 'निघालोच' एवढ्या एका शब्दावर तो माणूस तुम्हाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना विचारा ना, त्यांच्याकडे मशीन आहे." ते काका म्हणजे मी. सेक्रेटरीला लोक मेंटेनन्सच्या वेळी चुकवतात, चेअरमनच्या नावाने पार्किंगवरून खडे फोडतात. मला मात्र बाराही महिने चहा विचारतात.

मी लगेच जात नाही. आधी फोनवर विचारतो, "भिंत विटांची की आरसीसी?" समोरचा गडबडतो. मला उत्तर ठाऊक असतं, कारण इमारत एकच आहे आणि सगळ्या मजल्यांचा नकाशाही एकच. तरी विचारतो. मग गॉगल कपाळावर चढवून पोचतो, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करतो आणि कान लावून ऐकतो. त्या टकटकीतून मला काहीही कळत नाही, पण घरातली माणसं गप्प होतात. पोरं मोबाइल खाली ठेवतात. बँकेत इतकी वर्षं नोकरी केली, माझ्या टकटकीला एवढी शांतता कधी लाभली नव्हती.

असा सगळा मान चौथ्या मजल्यावर, टीव्हीच्या ब्रॅकेटखाली, भर प्रेक्षकांत धुळीला मिळाला. खटका दाबला तर मशीन कण्हलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. पाठीवर चापट मारली तेव्हा थोडं चाललं. "काका, आत लाईट लागलाय का?" असं घरातल्या पोराने विचारलं, म्हणून मी वाकून पाहिलं तर मागच्या फटींमधून निळसर ठिणग्या दिसत होत्या आणि जळका वास येत होता. मी म्हटलं, "जरा गरम झालंय, विश्रांती देऊ." तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला मुलगा स्वतःचं नवंकोरं बॅटरीवरचं ड्रिल घेऊन वर आला. मला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे ड्रिलचा. "काका, मी मारू का? ब्रशलेस आहे." त्याने हे इतक्या अदबीने विचारलं की मला नीट रागावताही येईना. चार भोकं त्याने अशी पाडली की खाली बसलेल्या आजोबांची झोपही मोडली नाही. मी कपाळावरचा गॉगल खाली ओढला, कारण डोळे कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "नवीन घ्या की." थोडं थांबून म्हणाली, "किंवा नकाच घेऊ."

सर्व्हिस सेंटरवाल्याने मशीन उघडलंसुद्धा नाही. मॉडेलचं नाव बघितलं आणि म्हणाला, "सर, हे बंद झालंय. पार्ट येत नाहीत. एक्स्चेंज ऑफर बघता का?" न उघडता बघितल्याबद्दल तपासणीचे पैसे मात्र घेतले.

मला खरा राग आला तो इथे. मोटारीच्या फिरत्या गाभ्याला, म्हणजे आर्मेचरला, वीज कशी द्यायची हा जुना पेच आहे. सरळ वायर जोडली तर दुसऱ्या फेऱ्यालाच तिचा पीळ होईल. म्हणून आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, तो कॉम्युटेटर. त्याला दोन्ही बाजूंनी कार्बनचे दोन चिमुकले ठोकळे (त्यांनाच ब्रश म्हणतात) स्प्रिंगने दाबून धरलेले असतात, आणि घासत घासत ते वीज आत पोचवतात. माझ्या मशीनच्या लेबलवर मिनिटाला २८०० फेरे लिहिलेत, ते चकचे. आत आर्मेचर त्याच्या कित्येक पट वेगाने फिरतं. एवढं घासलं म्हणजे काहीतरी झिजणारच, प्रश्न फक्त कोणी झिजायचं एवढाच. हे मशीन ज्याने आखलं त्याने तो आधीच सोडवून ठेवला होता: झिजायचं ते स्वस्त कार्बनने, महागाचं आर्मेचर वाचलं पाहिजे. आणि ते कार्बन बदलता यावेत म्हणून मशीनच्या दोन्ही अंगांना, बाहेरूनच, खाच असलेली दोन काळी झाकणं ठेवली. एक रुपयाच्या नाण्यानेही फिरतील अशी. त्या अनोळखी इंजिनीअरला माझ्याबद्दल खात्री होती. हा माणूस हे मशीन झिजेपर्यंत वापरेल, आणि झिजलं की स्वतः उघडेल. आता कित्येक मशीनांत ही झाकणं आतच दडवलेली असतात आणि वर चिकटवलेलं असतं की उघडलंत तर वॉरंटी गेली. गिऱ्हाईक म्हणून कोणी माझ्यावर विश्वास टाकल्याचा एवढा एकच पुरावा माझ्याकडे होता, आणि काउंटरवरचा तो पोरगा मला तो भंगारात द्यायला सांगत होता.

आता मला जॉर्ज फोर्ब्सबद्दल बोलायचं आहे. बायकोला सांगायला घेतलं तेव्हा ती 'गॅस बंद करून येते' म्हणून जी गेली ती आलीच नाही. वाचकही उठून जाऊ शकतात, पण निदान ते मला दिसणार नाही.

डायनॅमोंमध्ये पूर्वी कार्बनऐवजी तांब्याच्या तारांच्या जुड्या लावत. त्या कॉम्युटेटरला ओरबाडत आणि ठिणग्यांचा सडा पाडत. या स्कॉटिश गृहस्थाने १८८५ मध्ये तिथे कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. तांब्याच्या मानाने कार्बन म्हणजे विजेला चांगलाच अडवणारा पदार्थ. वाट सोपी करायची म्हणून वाटेतच आडमुठा माणूस बसवण्यातला हा प्रकार. पण त्याच्या त्या आडमुठेपणानेच ठिणग्या आवरल्या, आणि स्वतः झिजताना त्याने तांब्याला वंगणही पुरवलं. आज घराघरांतल्या मिक्सरमध्ये चटणी वाटली जाते ती याच युक्तीवर, पण चटणी खाताना फोर्ब्सचं नाव कोणी काढत नाही. आमच्याकडे मी काढतो.

आणि हा माणूस म्हणजे केवळ कार्बनवाला नव्हे. जन्म १८४९ चा, एडिंबराचा. ग्लासगोत प्राध्यापक झाला. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघायला हवाई बेटांवर गेला. बघून झाल्यावर मुकाट्याने परत यावं की नाही? हा पेकिंगला गेला, गोबीचं वाळवंट आणि सैबेरिया ओलांडून घरी आला. १८७७ मध्ये रशिया आणि तुर्कस्तानचं युद्ध लागलं तर हा लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर बनून आघाडीवर. १८८० मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरून त्याने गणित मांडलं की नेपच्यूनच्याही पलीकडे ग्रह असणार. मग नायगाराच्या धबधब्यावर वीज करायची ठरली, तिथे सल्लागार. म्हातारपणी पिटलॉक्री नावाच्या गावात लाकडी घर बांधून राहिला आणि घराला नाव दिलं 'द शेड'. हाती पैसा उरला नव्हता, मित्रांनी सांभाळलं. १९३६ मध्ये गेला.

हे सगळं मी जेवताना पुन्हा सांगितलं, कारण तेव्हा गॅस आधीच बंद असतो. बायको म्हणाली, "म्हणजे एक काम धड धरून केलं नाही." फोर्ब्सबद्दल मला जी जवळीक वाटते ती नेमकी इथेच आहे. फक्त त्याने सैबेरिया ओलांडला, मी सातारा रस्ता ओलांडतो. दोन्हींत जीव मुठीत धरावा लागतो.

अजून एकच. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांतल्या मोटारींचे ब्रश भराभरा झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. खाली जमिनीवर तेच ब्रश ठणठणीत चालत. शोधलं तेव्हा कळलं की ग्रॅफाइटला नीट घसरायला हवेतली वाफ लागते आणि तेवढ्या उंचीवर हवा कोरडी असते. म्हणजे फार वर गेलं की यांचं बिनसतं. सोसायटीच्या जनरल बॉडीत हे सांगण्याची एक संधी आली होती, पण चेअरमननी विषयपत्रिका पुढे केली.

असो. मशीन मी घरी आणलं, प्लग काढला, झाकणं फिरवली. आतून जे निघालं ते फळ्याखाली पडलेल्या खडूच्या शेवटच्या तुकड्याएवढं होतं. नवा ब्रश साधारण दीड सेंटिमीटरचा असतो, पाच-सहा मिलिमीटर उरला की बदलायचा असतो. हे त्याच्याही खाली गेले होते, स्प्रिंगला आता ढकलायला काही उरलंच नव्हतं. पण ज्या बाजूने ते तांब्याला टेकत होते तिथे त्यांना कॉम्युटेटरची नेमकी गोलाई आली होती, आणि इतकी चकाकी की त्यात आमची खिडकी दिसत होती. मी ते बराच वेळ बघत बसलो. बायकोने विचारलं, "दुरुस्त झालं?" मी म्हटलं, "अजून निदान चाललंय."

बोहरी आळीतून विचारत विचारत तपकीर गल्लीत पोचलो. दुकान म्हणजे दोन कपाटांमधली फट. मी कम्युटेशनपासून सुरुवात केली. दुकानदाराने न बोलता हात पुढे केला. मी टिश्यू पेपरची पुडी उघडून दोन्ही अवशेष त्याच्या तळव्यावर ठेवले.

"कार्बन गेलेत," तो म्हणाला.

एवढंच. मग माझ्याकडे बघत असतानाच हात मागे नेऊन त्याने एक खण ओढला, अंगठ्याच्या नखाने माप घेतलं आणि एक जोडी पुढे टाकली. मी म्हटलं, "एकच जास्त झिजलाय, तर—" "जोडीच बदलायची. जाडीला हे किंचित जास्त आहेत, पॉलिश पेपरवर घासून घ्या, आत सैल सरकले पाहिजेत. आणि लगेच भिंतीला लावू नका. पाच-दहा मिनिटं मोकळं फिरवा, कार्बन बसू द्या." जोडीचे पैसे एका मिसळीहून कमी झाले. मला वाईट वाटलं. एवढं मोठं दुखणं, निदान चार आकडी तरी खर्च यायला हवा होता. मी बिल मागितलं. त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'कार्बन १ जोडी' लिहून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मिक्सरकडे वळला.

बसवायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. मी तो दुपारपर्यंत लांबवला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, हत्यारं उंचीप्रमाणे मांडली, पॉलिश पेपरवर कार्बन घासताना जेवायला दोनदा हाक मारून घेतली. मग गॅलरीत उभं राहून मशीन मोकळं फिरवलं. सुरुवातीला थोड्या ठिणग्या, मग कमी, मग अगदी बारीक निळी रेघ. आवाज पुन्हा पहिल्यासारखा भरदार.

आता भोक हवं होतं. घरात तर पाडण्यासारखं काही उरलेलं नाही. "भिंतीला हात लावायचा नाही," बायकोने आतूनच बजावलं. तेव्हा मशीन काखेत घेऊन मी जिना उतरायला लागलो, सहज फिरायला निघाल्यासारखा.

या इमारतीतल्या बहुतेक दारांवरच्या पाट्या मी लावल्यात. पाळण्यांचे हूक मारलेत, आणि त्याच घरांत पुढे बाथरूममध्ये धरायचे स्टीलचे दांडेही. पण फोटोचं भोक वेगळं. तेराव्यानंतर दोन-चार दिवसांनी फोन येतो, हळू आवाजात. तेव्हा मी विटा की आरसीसी हे विचारत नाही, टकटकही करत नाही. घर इतके दिवस दबक्या आवाजात बोलत असतं आणि त्यात हे मशीन सुरू करायचं, ते माझ्याच्याने अजून धड होत नाही. हळू ड्रिल करता येत नाही. भोक एकदाच आणि सरळ पडावं एवढंच आपल्या हातात असतं. घरातलं कोणीतरी खाली कागद धरून बसतं, त्यावर विटांची तांबडी भुकटी पडत राहते आणि ते त्या भुकटीकडेच बघत असतात. मग फोटो किती उंचीवर हवा यावर बोलणं होतं. प्रत्येक जण म्हणतो, अजून जरा वर.

तळमजल्यावरच्या आजींचं दार उघडंच होतं.

"दुरुस्त झालं वाटतं तुझं यंत्र. मघापासून ऐकतेय. ये आत."

आजोबांचा फोटो त्यांच्या मुलांनी माझ्याकडून छताजवळ लावून घेतला होता. धाकटा कॅनडाहून आला होता, तो सहा फूट उंच, त्याने हात पोचेल तिथे खूण केली होती.

"तो खाली घे," आजी म्हणाल्या. "कॉटवरून दिसेल असा. यांच्याकडे मान वर करून बोलायचं ते हयातीत बोलले, तेवढं पुरे झालं. आणि हार घालायला स्टुलावर कोण चढणार? यांच्यापायी आता कंबर मोडून घेऊ?"

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "भिंत विटांची की—"

"वरचं भोक तूच पाडलं होतंस ना?"

बिट भिंतीत असा सरळ गेला की मला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जावं असं वाटलं. रावलप्लग ठोकला, स्क्रू फिरवला, फोटो लावला. आजींनी कॉटवर आडवं होऊन बघितलं, बोटभर डावीकडे सरकवायला लावला. मग विचारलं, मशीनला झालं तरी काय होतं? मी कार्बनबद्दल सांगितलं आणि ओघाने फोर्ब्सवर आलो. हवाई, गोबी, सैबेरिया, नायगारा. आजी उठून गेल्या नाहीत. मध्येच 'मग?' असंही म्हणाल्या.

"एवढं सगळं करून शेवटी शेडमध्येच राहिला म्हण की," त्या म्हणाल्या. "यांनाही गच्चीवर शेड घालायची होती. सोसायटीने परवानगी दिली नाही. तू होतास त्या कमिटीत."

मी चकची किल्ली शोधू लागलो.

"आणि ते वरचं भोक बुजवून टाक, पांढरं सिमेंट घेऊन ये," त्या म्हणाल्या. "नाहीतर धाकटा व्हिडिओ कॉलवर विचारायचा, बाबा कुठे गेले."