सतरा शेकेल आणि तीनशे खुर्च्या

नगरच्या ख्रिस्ती घरांत देवावर विश्वास ठेवण्याचं खातं नवऱ्याकडे आणि वाण्याची उधारी भागवण्याचं बायकोकडे, ही वाटणी जुनीच. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, रेव्हरंड टिळकांच्या घरीही फार वेगळं नव्हतं. फरक एवढाच की टिळक कविता करायचे आणि मी खुर्च्या घेतल्या.

वर्षअखेरच्या रात्रीची भक्ती संपली की आमच्या मंडळीत वचनं वाटतात. स्टीलच्या ताटात पालथ्या घातलेल्या चिठ्ठ्या. एक उचलायची आणि वर्षभर तिला धरून चालायचं. २०१९ सरताना आमच्या कारखान्यात कुणाची नोकरी राहणार, कुणाची जाणार याची कुजबुज होती. मी थरथरत्या हाताने चिठ्ठी उचलली. यिर्मया २९:११! देवाने तुमच्यासाठी योजना आखल्यात आणि त्या भल्याच्याच आहेत, अशा अर्थाचं वचन. ते कॅलेंडरांवर, कीचेनवर, चहाच्या मगांवर इतकं छापतात की त्या ताटातही त्याच्या पाच-सहा चिठ्ठ्या असणार. पण ‘योजना’ म्हटल्यावर मला थेट व्यवसायच दिसला.

जानेवारीत राजीनामा, फेब्रुवारीत कर्ज. तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, पाच मोठी पातेली, एक लाल गालिचा. चर्चमध्ये उभं राहून साक्षही दिली. एप्रिल-मेच्या लग्नांचे इसार घेतले. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि लॉकडाऊन लागला.

इसार परत गेले. खुर्च्या हॉलमध्ये छतापर्यंत गेल्या, इतक्या की संडासला जायचं तर आडवं होऊन जावं लागे. नव्या प्लास्टिकचा वास भाजीत उतरला. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ते लांबवायची मुभा दिली, तेव्हा मी म्हणालो, “बघ, प्रभूची योजना!”

“अहो, व्याज चालूच आहे,” ही म्हणाली. मग तिने पवित्र शास्त्र उघडून माझ्यापुढे ठेवलं. “तुमच्या वचनाच्या आधीचं वचन वाचा.”

वाचलं. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र. देव परत आणेल, पण सत्तर वर्षांनी. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा. चिठ्ठीवर हे काही छापलेलं नव्हतं. जागा पुरली नसेल.

मी हार मानणारा नव्हतो. “यरुशलेमेला वेढा पडला होता, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कैदी होता, तरी त्याने अनाथोथचं शेत विकत घेतलं! सतरा शेकेल मोजून. याला म्हणतात विश्वास.”

“त्याने रोख मोजले. तुम्ही हप्त्याने घेतलंत.”

पुढे ही काही बोलली नाही. सर्वांत मोठ्या पातेल्यात माती भरली आणि मेथी पेरली. बाबेलच्या लोकांना सांगितलेला मळा आमच्या बाल्कनीत आला आणि गल्लीत जुडी दहा रुपयांना जाऊ लागली. मे महिन्यात सरकारने लग्नाला पन्नास माणसांची परवानगी दिली. मी उरलेल्या अडीचशे खुर्च्यांकडे बघत बसलो. बसायला जागा भरपूर होती.

२०२१ मध्ये चर्चच्या आवारात लसीकरणाचं शिबिर लागलं. माणसं लांब लांब बसवायची म्हणून खुर्च्या हव्या होत्या. पाळकसाहेबांचा फोन आला. मी ताठ झालो. खुर्चीमागे रोजचे पाच रुपये, एवढ्यात एक हप्ता सुटत होता. टेम्पो भरून नेला.

रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, “पाहा, प्रभूने आपल्या भावाला वर्षभर आधीच खुर्च्या घ्यायला लावल्या! ही त्याची योजना!” सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे कौतुकाने बघू लागली. मीही मान लववली. खिशात भाड्याचं बिल होतं, सकाळी हिनेच जीएसटी लावून करून दिलेलं.

“अहो, द्या ना,” ही कोपराने ढोसत म्हणाली. “आता देवाच्या नावावर लावलं तर तो काय हप्ता भरणार आहे?”

तेवढ्यात दानाची थैली आमच्या रांगेत आली. गडबडीत मी बिलच तिच्यात टाकलं.