डिस्कवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक डिस्कवाले काका असतात. बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात पेनच्या जागी पेनड्राइव्ह. "काका, या डिस्कवरचं त्या डिस्कवर कॉपी करून द्याल?" एवढंच विचारायला जावं, तर ते डिस्क हातात घेत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "ही नांदणार कुठे?"

म्हणजे विंडोजवर, मॅकवर की दिवाणखान्यातल्या टीव्हीवर? "विंडोजवरच राहणार असेल तर डोळे मिटून एनटीएफएस. १९९३ पासूनचं घराणं! काय बदलायचंय त्याची आधी नोंद करतं, मग हात लावतं. मध्येच लाइट गेली तरी घडी सहसा विस्कटत नाही."

इथेच "बरं" म्हणून निघावं. पण आपल्या तोंडून "मुलीकडे मॅक आहे" असं निघून जातं आणि काका खुर्ची पुढे ओढतात. "मग संपलंच. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो, पण वरून काही न बसवता तिच्यावर लिहीत नाही. लेक फोटो बघेल, स्वतःचे ठेवता यायचे नाहीत."

राहता राहिलं एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टनं २००६ साली आणलेलं, दोन्हीकडे चालणारं. काकांचं मात्र त्याच्यावर मन बसत नाही. "सगळ्यांशी गोड आहे हो, पण नोंदवही ठेवत नाही. लिहिता लिहिता वायर ओढलीत की बसा बोंबलत." एवढं बोलून फॉरमॅट एक्सफॅटच मारतात. त्याआधी "यातलं काही हवंय का?" हे तीनदा, आणि तिसऱ्यांदा आपल्या बायकोलाही विचारतात.

काकांचं म्हणणं बहुधा बरोबर असतं, हीच खरी पंचाईत. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यांना टाळून सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा सहा जीबीचा व्हिडिओ बत्तीस जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर टाकायला घेतला. मशीन म्हणे, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह बदलायला ते दुकानात जाऊन भांडूनही आले. काकांच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी दिवाळी होती. "फॅट थर्टीटू! अख्खी जागा मोकळी असली तरी एका फाइलला चार जीबीच्या वर थारा नाही. विचारायचं होतं की आधी."

त्यांच्या स्वतःच्या कपाटात पाच डिस्क आहेत. प्रत्येकीवर पट्टी, पट्टीवर लाल शाईत फॉरमॅट आणि तारीख. आत काय आहे, ते मात्र कुठल्याच पट्टीवर नाही.

परवा चहा देता देता काकूंनी विचारलं, "अहो, यातल्या कुठल्या डिस्कवर आपलं लग्न आहे?"

"ते अजून कॅसेटवरच आहे," काका म्हणाले. "फॉरमॅट ठरायचाय."