हापसालू ‘करून टाका’: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

हापसालू हे एस्टोनियातलं समुद्रकाठचं चिमुकलं गाव, टालिनहून शंभरेक किलोमीटरवर. तिथे निवांत चार दिवस राहणारी माणसं असतात. त्यांच्या नादी लागू नका. परतीची बस दोन तासांनी आहे असं समजून चालू पडा.

१. आधी रेल्वे स्टेशन उरका. रशियाच्या झारच्या लवाजम्यावर पाऊस पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे २१६ मीटर लांबीचा फलाट छतासकट बांधला. टोकापर्यंत चालू नका, तिथेही फलाटच आहे. गाडीची वाट तर मुळीच पाहू नका. प्रवासी गाड्या १९९५ साली बंद झाल्या. जुन्या इंजिनाजवळ उभं राहून हात हलवा. निरोप द्यायला समोर कुणी नाही, हे फोटोत कळत नाही.

२. किल्ल्यात शिरा. तेराव्या शतकापासून इथे बिशपांचा कारभार होता. माहितीफलक वाचू नका, त्याचा फोटो काढा आणि घरी गेल्यावर वाचू म्हणा. तो कुणीच वाचत नाही, पण तेवढंच मनाला समाधान.

३. श्वेतवस्त्रा बाईंचं दर्शन घ्या. दंतकथा अशी, की इथल्या एका पाद्र्याने प्रेयसीला मुलाच्या वेषात गायकवृंदात लपवलं. बिंग फुटलं आणि तिला जिवंत भिंतीत चिणलं. ऑगस्टच्या पौर्णिमेला चांदण्यात ती खिडकीत दिसते म्हणतात. तुम्ही मे महिन्यात भरदुपारी पोचलात? बिचारे! तरीही बोट दाखवून “ती बघा!” म्हणा. सोबतच्या सगळ्यांना दिसेल.

४. शालीच्या दुकानात जा. इथली लेसची शाल अंगठीतून आरपार जाते. विणणाऱ्या आजींना ते तीनदा करून दाखवायला लावा. मधला भाग आणि काठ वेगवेगळे विणून मग जोडतात, हेही माना डोलावत ऐका. मग विचारा, “मशीनवरची स्वस्तातली नाही का?”

५. संगीतकार चायकोव्हस्कीच्या बाकावर बसा. १८६७ च्या उन्हाळ्यात तो या गावी राहिला होता. बाक मात्र १९४० चा, म्हणजे त्यावर तो बसला असण्याची शक्यता बेताचीच. तो इथे सूर्यास्त बघायला येई. तुम्ही समुद्राकडे पाठ करा, नाहीतर फोटोत चेहरा येणार नाही.

६. चिखल चुकवू नका. डॉक्टर हुनियुस यांनी १८२५ मध्ये इथे चिखलाच्या उपचारांचं केंद्र काढलं. त्यासाठी बडी मंडळी इथे मुक्काम ठोकत. तुमच्या हाती दहा मिनिटं आहेत. बुटाला लागेल तेवढा पुरे.

७. बस पकडा आणि पुढच्या गावाचं नाव विचारा.

जाता जाता अपराधी वाटून घेऊ नका. झार, आगगाडी, श्वेतवस्त्रा, चायकोव्हस्की, या गावची सगळी बडी मंडळी गैरहजरच आहेत. त्यात तुमची भर पडली, तरी हापसालूला त्याची सवय आहे.