लेखी द्या!

कळसाडीत जिजींनी "ये रे, चहा घेऊन जा" अशी हाक मारली की जाणत्या माणसाने शहाद्याची बस चुकेल असं सांगून सटकावं. चहा मिळतो, आणि चांगला मिळतो. पण कपाच्या मागोमाग एक कोरा अर्जही पुढे सरकतो. "तुझं अक्षर चांगलं आहे. एवढं अर्जदाराचं संपूर्ण नाव लिही." ते लिहून होतंय तोवर दुसरी अर्जदार ओट्यावर येऊन टेकलेली असते. सुटका व्हावी म्हणून मी मुद्दाम गिचमिड लिहून पाहिलं. "चालेल," जिजी म्हणाल्या, "साहेबांचं याहून वाईट असतं."

गावातल्या बायाबापड्यांचे सरकारी योजनांचे अर्ज भरून देतात, पण जिजींची संस्था नाही. नोंदणी, पावतीपुस्तक, बॅनर यातलं काहीच नाही. आहे ती एक कापडी पिशवी. तिच्यात निम्म्या गावाच्या आधारच्या झेरॉक्स, रेशनकार्डं, शाईचा पॅड, गोंद आणि पासपोर्ट फोटोंची पाकिटं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या भजनी मंडळात जातील असं घरच्यांना वाटलं होतं. एक-दोनदा गेल्याही. पण तिथे एका विधवा बाईचा अर्ज अडकल्याचं कळलं आणि भजन जे सुटलं ते सुटलंच.

नाही म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना राग येत नाही, त्या फक्त म्हणतात, "लेखी द्या." हे दोन शब्द सरकारी कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या माणसाला ऐकवले की तो चष्मा काढतो, फाइल पुन्हा उघडतो, आणि "बघू, उद्या या" म्हणतो. अडचण एवढीच की सवय आता खिडकीपुरती राहिलेली नाही. भाजीवाला म्हणाला, मेथी संपली, लेखी द्या. जावई म्हणाले, दिवाळीला जमणार नाही, लेखी द्या. जावयांनी खरोखर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं, तर जिजींनी सही नसल्याची हरकत घेतली.

एका लग्नात त्यांनी एका तलाठ्याला जिलबीच्या पंगतीत गाठलं होतं. तेव्हापासून तो गृहस्थ आधी वधूपक्षाच्या पाहुण्यांची यादी विचारतो, असं म्हणतात. पुढे तलाठ्यांचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं तेव्हा जिजींना एकच काळजी पडली : "सही तीच चालेल ना?"

टक्क्यांचं वेड मात्र मला कधी कधी सहन होत नाही. अपंगत्वाचा दाखला ४० टक्के किंवा त्याहून जास्त असला तरच बहुतेक सवलती लागू होतात, त्यामुळे माणसाचं नाव जिजींच्या लक्षात राहत नाही, टक्के राहतात. "ए पंचेचाळीस टक्के, इकडे ये!" असं त्या भर चौकात ओरडतात. बाहेरचा माणूस शरमेनं मान खाली घालतो, गावाला काही वाटत नाही. पोलिओनं पाय गेलेला एक पोरगा तर म्हणाला, "जिजी, साठ टक्के दहावीला पडले असते तर बरं झालं असतं." तोच पोरगा आता मोबाइलवर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो आणि जिजींच्याच सुरात खेकसतो : "झेरॉक्स दोन आणायला सांगितल्या होत्या!" घडवलेला माणूस आपल्यासारखाच त्रासदायक निघाला, याचं जिजींना कोण कौतुक!

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ वर नेले आणि त्यात सिकलसेलही आला. सातपुड्याच्या पायथ्याशी ही लहान गोष्ट नाही, इथे आदिवासी घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून येतो. पण पोर दिसायला धडधाकट, म्हणून लोक म्हणतात, हातपाय तर आहेत की! जिजी अशा माणसाला पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढून वाचायला देतात आणि तो वाचत असताना त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसतात. वाचून झाला की विचारतात, "आता सांगा, रात्री सांधे धरले की ते हातपाय काय कामाचे?"

दाखल्यासाठी नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाची वारी करावी लागते. पहाटेची बस, मांडीवर कुणाचं तरी पोर, शेजारी कुणाची तरी कुबडी. प्रकाशा गावाच्या पुलावर सगळी बस तापीमायला हात जोडते, आणि जिजी कागद मोजत असतात. चढताना प्रत्येकीला एकच सवाल झालेला असतो, "कागद लई उनी का?" नसेल आणला तर त्या बाईची उतरेपर्यंत धडगत नाही. शिव्या देऊन झाल्यावर तिच्या पोराला भजी मात्र याच घेऊन देतात.

हिशेबात त्या फार तिखट. संजय गांधी निराधार योजनेत विधवेनं नाव घालायचं तर वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. जिजींनी ते दिवसाला भागून ठेवलंय : साडेसत्तावन्न रुपये. "अठ्ठावन्नावा रुपया कमावला की बाई श्रीमंत!" असं त्या कुठल्याही साहेबाला, अगदी नमस्कार करून, ऐकवतात. २०२३ मध्ये महिन्याच्या हजाराचे दीड हजार झाले, २०२५ मध्ये दिव्यांगांचे अडीच हजार झाले, तेव्हा गावात पेढे वाटणाऱ्या त्याच होत्या. पेढे वाटताना प्रत्येकीला बजावत होत्या, हयातीचा दाखला दिला नाहीस तर तू सरकारदरबारी मेलीस म्हणून समज.

त्यांचा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो नवरा निघून गेलेल्या बायकांत. माणूस ऊसतोडीला गुजरातेत जातो आणि परत येत नाही. बाई धड विधवा नाही, धड घटस्फोटित नाही, कुठल्या रकान्यात बसवायची? "मेला असता तर कागद तरी झाला असता," असं जिजी एकदा अशा एका बाईसमोरच बोलून गेल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. ती बाई खळखळून हसली, आणि मग दोघी मिळून पंचनाम्यासाठी पंच शोधायला निघाल्या. परित्यक्ता म्हणून नाव लागायला पुढे बरेच महिने गेले. दरम्यान पोरांचे बालसंगोपन योजनेचे अर्ज जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे गेले होते. पोरामागे महिन्याला २,२५० रुपये म्हणजे त्या घरात वह्या आणि तेल.

देशातलं पहिलं आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. पंतप्रधान आले होते. या गोष्टीचा जिजींना अभिमान आहे, आणि बँकेच्या मशीनवर म्हातारीचा झिजलेला अंगठा उमटला नाही की त्याच अभिमानानं त्या ती गोष्ट मशीनवाल्याला सांगतात. मग पदरानं म्हातारीचा अंगठा पुसत राहतात, खसाखसा, म्हातारी "अगं सालटं निघेल" म्हणेपर्यंत.

फळवाटप आणि फोटोपुरती मदत त्यांना अजिबात खपत नाही. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तीनचाकी सायकल दिली गेली. फोटोत सायकलीला आठ हात लागलेले, आणि जिच्यासाठी ती होती ती मुलगी कुठे दिसेना. जिजी व्यासपीठाच्या पायरीवरून विचारत्या झाल्या, "माप कुणी घेतलं होतं? पोरीचे हात पॅडलला पोचत नाहीत." पुढाऱ्यांनी बघतो म्हटलं. पुढचे दोन शब्द माइकवर ऐकू आले. महिनाभरानं मापाची सायकल आली, फोटोशिवाय.

जिजी गोड नाहीत. उपकार केल्यावर ऐकवतात, फार ओरडतात, दुसऱ्याचा वेळ आपलाच समजतात, आणि घेतलेलं पेन परत देत नाहीत. तरी गावात एखादीचं नाव यादीत लागलं की ती देवळात जायच्या आधी जिजींच्या ओट्यावर येते.

अशा जिजी तुमच्याही गावात असतील. कुठे त्या निवृत्त मास्तर असतात, कुठे आशाताई. त्यांना केळीचे घड, शाल, सत्कार यातलं काही नको असतं. महिन्यातला एक कामाचा दिवस त्यांना द्या, तहसीलच्या रांगेत त्यांच्या बदली उभे राहा. आणि खिडकीतून "नाही" आलं, तर काय म्हणायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.